परीक्षांचे राज्य आणि अमेरिकेतील लोकशाळा

श्रीमती डायेन रॅव्हिच ह्या अमेरिकेतील शिक्षणाच्या इतिहासकार होत. त्यांचा 'द डेथ अँड लाइफ ऑफ द ग्रेट अमेरिकन स्कूल सिस्टम' हा ग्रंथ २०१० साली प्रसिद्ध झाला, आणि तेव्हापासून त्या देशातील शाळांविषयी जो कोणी गंभीरपणे लिहावयास बसतो त्याला ह्या ग्रंथाच्या बाजूने तरी किंवा विरुद्ध तरी उभे राहावे लागते. मराठी वाचकांच्या कानी हे नाव फारसे आलेले नसेल. परंतु ज्या घरात मुलगा किंवा मुलगी दहावीला गेली की सणवार, लग्नकार्ये आणि पाहुण्यांचे येणेजाणे ही सारी तिच्या परीक्षेच्या सोयीने ठरू लागतात, त्या घरातील माणसांनी तरी हा विषय परका मानण्याचे कारण नाही. म्हणून ह्या ग्रंथाचा परामर्श थोडा विस्ताराने घेण्याचे आम्ही योजिले आहे.

प्रथम एका शब्दाचा घोटाळा दूर केला पाहिजे. इंग्लंडात 'पब्लिक स्कूल' म्हटले की धनिकांच्या मुलांची, जबर फी घेणारी, जुन्या परंपरेचा तोरा मिरविणारी शाळा डोळ्यांपुढे येते. अमेरिकेत त्याच नावाचा अर्थ नेमका उलट आहे. लोकांच्या करांतून चालणारी, फी न घेणारी आणि त्या वस्तीतले जे मूल दारात येईल त्याला आत घेणारी जी शाळा, ती तेथील सार्वजनिक शाळा होय. आपल्याकडील नगरपालिकेची किंवा जिल्हा परिषदेची शाळा तिला जवळची. मात्र एक मोठा भेद आहे: आपल्याकडील सुखवस्तु वर्गाने नगरपालिकेच्या शाळेकडे केव्हाच पाठ फिरविली, अमेरिकेत अजूनही बहुसंख्य मुले, वकिलाचे मूल काय आणि मोटार दुरुस्त करणाऱ्याचे काय, सार्वजनिक शाळेतच जातात. त्यामुळे तेथे ह्या शाळांचा वाद हा साऱ्या समाजाचा वाद असतो. येथे तो ज्यांची मुले तेथे जात नाहीत अशांनीच चालविलेला असतो, आणि आम्हीही त्याला अपवाद नाही.

लेखिकेची पूर्वपीठिका ठाऊक असल्यावाचून ग्रंथाचे मर्म कळणार नाही. श्रीमती रॅव्हिच ह्यांचा जन्म १९३८ साली टेक्सस संस्थानातील ह्यूस्टन शहरी झाला. न्यूयॉर्कमधील शाळांच्या झगड्यांचा इतिहास त्यांनी १९७४ साली लिहिला आणि त्या ग्रंथाने त्यांचे नाव झाले. पुढे थोरल्या बुश साहेबांच्या कारकिर्दीत १९९१ पासून १९९३ पर्यंत त्या मध्यवर्ती शिक्षणखात्यात साहाय्यक सचिव होत्या. त्यानंतर देशभरच्या मुलांच्या नमुनाचाचणीवर देखरेख करणाऱ्या मंडळावर त्यांनी सात वर्षे काम केले. शाळाशाळांत स्पर्धा असावी, पालकांस निवडीचे स्वातंत्र्य असावे, परीक्षेचे निकाल जाहीर व्हावेत आणि निकाल वाईट लागले तर कोणाला तरी जाब द्यावा लागावा, ह्या मतांच्या मंडळींत त्या कित्येक वर्षे वावरल्या, त्यांच्या सभांतून बोलल्या, त्यांच्यासाठी लिहीत राहिल्या. २००६ च्या सुमारास त्यांचे मत पालटू लागले आणि चार वर्षांनी ह्या ग्रंथाच्या रूपाने त्यांनी त्या पक्षाशी जाहीर फारकत घेतली. शिक्षकांच्या संघटनेतील कोणी हेच लिहिले असते तर ते स्वार्थाचे बोलणे म्हणून सोडून देता आले असते. घरच्या माणसाची साक्ष तशी झटकता येत नाही, आणि ग्रंथाचा जो गवगवा झाला त्याचे निम्मे श्रेय ह्या गोष्टीला द्यावयास हवे.

साक्षीचा मुख्य विषय आहे तो धाकट्या बुश साहेबांनी ८ जानेवारी २००२ रोजी सही केलेला कायदा. 'एकही मूल मागे राहू नये' असे त्याचे नाव. नाव इतके गोड की त्याला विरोध करणारा मुलांचा वैरी ठरावा. ह्या कायद्याने तिसरीपासून आठवीपर्यंतच्या प्रत्येक मुलाची दर वर्षी वाचन आणि गणित ह्या दोन विषयांत परीक्षा घेणे प्रत्येक संस्थानास भाग पडले. निकाल वंशवार, गरीब मुलांचा वेगळा, इंग्रजी नवी असलेल्यांचा वेगळा, अपंग मुलांचा वेगळा, असा जाहीर करावयाचा. प्रत्येक गटाने ठरलेल्या मजला दर वर्षी चढावयाच्या. आणि २०१४ पर्यंत देशातील शेकडा शंभर मुले 'प्रवीण' झाली पाहिजेत. लागोपाठ दोन वर्षे शाळा कमी पडली तर पालकांस मूल दुसऱ्या शाळेत नेण्याचा हक्क, तिसऱ्या वर्षी फुकट शिकवणी, आणि असेच चालू राहिले तर शेवटी शिक्षकवर्ग बदलणे, शाळा खाजगी चालकाच्या हाती देणे किंवा अशीच एखादी मोडतोड.

शेकडा शंभर! पर्जन्यखात्याने अमुक सालापासून प्रत्येक तालुक्यात सरासरीइतका पाऊस पडलाच पाहिजे असा ठराव करावा आणि न पडल्यास मामलेदारास घरी बसवावे, त्यातला हा प्रकार झाला. पण कायद्यात ह्याहून मोठी मेख होती. 'प्रवीण' कोणास म्हणावयाचे हे ठरविण्याचा अधिकार त्या त्या संस्थानाकडेच ठेवलेला होता. धावणाऱ्यानेच शर्यतीची खूण रोवावयाची असे ठरल्यावर ती खूण कोठे रोवली जाईल हे सांगावयास ज्योतिषी नको. कित्येक संस्थानांनी आपली ऐंशी-नव्वद टक्के मुले वाचनात प्रवीण असल्याचे जाहीर केले. त्याच संस्थानांतील त्याच इयत्तेच्या मुलांची राष्ट्रीय नमुनाचाचणी घेतली तेव्हा तिच्या कसाला शेकडा तीससुद्धा उतरली नाहीत. लेखिका हे आकडे शेजारी शेजारी मांडून पुढे जातात, आणि ते शेजारी मांडल्यावर भाष्याची गरजही उरत नाही.

शाळेच्या चार भिंतींच्या आत काय झाले ते ह्याहून वाईट. ज्या दोन विषयांवर शिक्षा अवलंबून होती त्यांनी उरलेल्या विषयांचे तास गिळले. इतिहास, विज्ञान, चित्रकला, गाणे ह्यांना वेळापत्रकात कोपरा उरला, काही ठिकाणी तोही उरला नाही. वाचन म्हणजे पुस्तक वाचणे नव्हे, तर उतारा वाचून चारांपैकी एका उत्तरापुढे खूण करणे, असा अर्थ रूढ झाला. आणि 'काठावर'ची मुले एकाएकी फार मोलाची ठरली. काठावर पास होणारा विद्यार्थी आपल्याकडे थट्टेचा विषय आहे. तेथे तो शाळेचा तारणहार झाला, कारण त्याला रेटून पलीकडे ढकलले की आकडा वाढतो. जो सहजच पास होणार त्याच्याकडे पाहण्याची गरज नाही, आणि जो काही केल्या पास होणार नाही त्याच्यावर वेळ खर्चणे शाळेला परवडत नाही. ज्या मुलाच्या नावाने कायदा केला ते मागे राहिलेले मूल अशा रीतीने कायद्यामुळेच अधिक मागे पडले.

येथे आम्हांस लेखिकेविषयी एक तक्रार नोंदवावीशी वाटते. तिने लिहिलेली कथा अमेरिकेत सुरू होते आणि अमेरिकेतच संपते. इतिहासकाराच्या हातून हे व्हावयास नको होते. कारण हा प्रयोग नवा नाही आणि त्याचा निकाल जगाला पूर्वीच कळलेला आहे. १८६२ साली रॉबर्ट लो नावाच्या मुत्सद्द्याच्या पुढाकाराने इंग्लंडच्या शिक्षणखात्याने 'सुधारलेली नियमावली' अमलात आणली. सरकारी पैशाचा चोख मोबदला मिळावा हा तिचा हेतु. मुलामागे हजेरीबद्दल ४ शिलिंग. शिवाय सहा वर्षांवरील मुलाची हजेरी पुरेशी भरली असेल तर परीक्षेबद्दल आणखी ८ शिलिंग. इन्स्पेक्टर वर्षातून एकदा येई, प्रत्येक मुलाची वाचन, लेखन आणि गणित ह्या तीन विषयांत परीक्षा घेई, आणि मूल ज्या विषयात अडखळे त्या प्रत्येकामागे २ शिलिंग ८ पेन्स कापून घेई. शिक्षकाचा पगार बहुधा ह्याच अनुदानातून निघावयाचा. मग वर्षभर एकच वाचनपुस्तक मुलांकडून इतके घोकून घेतले जाई की इन्स्पेक्टरने कोणतेही पान उघडावे आणि मुलाने ते धडाधड म्हणून दाखवावे. पुस्तक हातात असणे हा केवळ शिष्टाचार. कवि आणि टीकाकार म्हणून आपल्या महाविद्यालयांतून ज्याचे नाव शिकविले जाते तो मॅथ्यू आर्नल्ड १८५१ पासून शाळा तपासनीस होता. ही पद्धत सुरू होताच त्याने तिच्याविरुद्ध लेखणी उचलली, आणि पुढील वर्षांच्या त्याच्या सरकारी अहवालांतून शाळांतील चैतन्य आणि बुद्धीची हालचाल मंदावल्याचे गाऱ्हाणे पुनःपुन्हा आलेले आहे. खात्याने अहवाल छापले आणि पद्धत चालूच ठेवली. ती पुरती मोडावयास १८९० नंतरचे दशक उजाडावे लागले. एडमंड होम्स हा गृहस्थ तर प्राथमिक शाळांचा मुख्य तपासनीस. त्याने नोकरीतून मोकळे झाल्यावर १९११ साली एक ग्रंथ लिहून त्या पद्धतीने शिक्षकाला यंत्र कसे बनविले ते सांगितले. रॅव्हिचबाईंचे मतांतर त्याच्याशी इतके जुळते की दोन्ही ग्रंथ एकापुढे एक ठेवून वाचण्यासारखे आहेत.

ही व्याधि आपल्या घरीही येऊन गेली आहे. मुंबई इलाख्यात खाजगी शाळांना अनुदान देण्याचे जे नियम १८६० नंतरच्या दशकात ठरले त्यांत निकालावर पैसे देण्याचे हेच तत्त्व होते, आणि इंग्लंडने ते टाकून दिल्यावरही आपल्याकडे ते विसाव्या शतकाच्या उंबरठ्यापर्यंत टिकले. डिपोटी येणार म्हणून शाळा सारवून घेणे, हुशार मुले पुढल्या बाकावर आणि मठ्ठ मुले त्या दिवशी घरी, ही चित्रे जुन्या मराठी आठवणींतून आपण हसत हसत वाचतो. त्या हसण्याखाली एका गरीब पंतोजीच्या पोटाचा प्रश्न होता हे मात्र ध्यानात येत नाही.

आता अमेरिकेकडे परत येऊ. ग्रंथ छापून झाल्यानंतर घडलेली एक घटना लेखिकेच्या प्रतिपादनाला जणू दाखला म्हणूनच घडली. जॉर्जिया संस्थानातील अटलांटा शहरात गरीब आणि बहुतांशी काळ्या मुलांच्या शाळांचे निकाल वर्षानुवर्षे डोळे दिपविण्याइतके सुधारत होते. तेथील शिक्षणप्रमुखाला २००९ साली देशातील सर्वोत्कृष्ट म्हणून गौरविण्यात आले. कोणाला तरी शंका आली ती उत्तरपत्रिकांवरील खाडाखोडीवरून. चुकीची खूण पुसून बरोबर खूण केलेली उत्तरे इतकी होती की ती मुलांच्या हातून योगायोगाने होणे अशक्य. संस्थानाने ५६ शाळांची चौकशी केली आणि २०११ मध्ये निष्कर्ष जाहीर झाला: ४४ शाळांत लबाडी, आणि तीत गुंतलेले शिक्षक व मुख्याध्यापक १७८. मुले घरी गेल्यावर मास्तर मंडळी एकत्र बसून उत्तरे दुरुस्त करीत. २०१५ मध्ये त्यांतील ११ जणांस दोषी ठरविले ते संघटित गुन्हेगारांच्या टोळ्यांसाठी केलेल्या कायद्याखाली. पहिलीदुसरीच्या बाईंना बेड्या घालून न्यायालयातून नेल्याची दृश्ये त्या देशाने पाहिली. शिक्षा योग्य की अयोग्य ह्या वादात आम्ही शिरत नाही. परंतु ज्या मुलाला वाचता येत नव्हते त्याच्या नावापुढे 'प्रवीण' असे लागल्यामुळे त्याला मिळावयाची मदत बंद झाली, ही गोष्ट त्या साऱ्या प्रकरणात सर्वांत काळी होती आणि तिची चर्चा सर्वांत कमी झाली.

डोनाल्ड कॅम्बेल नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने ह्याचे तत्त्व १९७० नंतरच्या दशकातच मांडून ठेविले होते: समाजाचे निर्णय एखाद्या आकड्यावर जितके अधिक टांगावे, तितका तो आकडा अधिक नासतो, आणि ज्या गोष्टीचे माप म्हणून तो घेतला तिलाही नासवितो. रॅव्हिचबाई ह्या तत्त्वाचा आधार घेतात तो योग्यच आहे. आम्ही त्याचा अर्थ असा लावतो की ताप मोजण्याची नळी आणि छडी ह्या दोन वस्तु एकाच लाकडाच्या करता येत नाहीत. ज्या नळीत पारा चढला म्हणून मार बसतो, ती नळी मुले, शिक्षक, मुख्याध्यापक आणि सरतेशेवटी खुद्द सरकारही गार पाण्यात बुडवूनच आणू लागतात.

सरकारही, असे आम्ही जाणूनबुजून म्हणतो. ग्रंथातील सर्वांत समर्थ प्रकरण न्यूयॉर्क शहरावरचे आहे. महापौर ब्लूमबर्ग ह्यांनी २००२ साली शाळांचा कारभार आपल्या हाती घेतला आणि त्यावर जोएल क्लाइन ह्या कायदेपंडितास नेमले. २००७ पासून प्रत्येक शाळेस 'ए'पासून 'एफ'पर्यंत एक अक्षर मिळू लागले. कापडाच्या गाठोड्यावर मारावा तसा शिक्का. निकाल भराभर चढले, वर्तमानपत्रांनी टाळ्या वाजविल्या. लेखिका निकालाच्या ह्या चढत्या कमानीविषयी शंका घेते आणि राष्ट्रीय नमुनाचाचणीत ती कमान दिसत नाही हे दाखविते. ग्रंथ प्रसिद्ध झाला त्याच वर्षी, २०१० च्या उन्हाळ्यात, संस्थानाच्या अधिकाऱ्यांनीच आपल्या परीक्षा फार सोप्या झाल्याचे कबूल करून उत्तीर्णतेची रेषा वर सरकविली. शहरातील गणितात प्रवीण मुले शेकडा ८२ होती ती ५४ वर आली. इंग्रजीत ६९ होती ती ४२ वर. मुले तीच, शिक्षक तेच, शाळाही त्याच.

ही बातमी वाचून आपण दूर देशीची गंमत म्हणून हसू नये. आपल्या शालान्त परीक्षेचा निकाल २०१८ साली शेकडा ८९.४१ होता. पुढील वर्षी भाषाविषयांतील शाळेने द्यावयाचे अंतर्गत गुण काढून टाकले, आणि निकाल ७७.१० वर घसरला. लगेच ओरड झाली, अंतर्गत गुण परत आले, आणि २०२० मध्ये निकाल ९५.३० लागला. त्या वर्षी महामारीमुळे भूगोलाची परीक्षा झालीच नव्हती हेही ध्यानात घेतले पाहिजे; पण तेवढे वजा घालूनही महाराष्ट्राची बुद्धि एका वर्षात अठरा टक्के वाढली असे कोणी शहाणा म्हणणार नाही. ह्याच सुमाराचा दुसरा एक आकडा पाहा. 'प्रथम' ही संस्था २००५ पासून 'असर' नावाची पाहणी करते. तीत कार्यकर्ते खेड्यांतून घरोघर जाऊन मुलासमोर एक साधा उतारा ठेवतात. २०१८ मध्ये देशाच्या ग्रामीण भागात पाचवीच्या मुलांपैकी जेमतेम निम्म्यांना दुसरीचा उतारा वाचता आला. ह्या पाहणीवर कोणाची नोकरी अवलंबून नसते आणि कोणाचे प्रमाणपत्रही अवलंबून नसते. म्हणूनच ती खरे सांगू शकते.

सॅन डिएगोवरील प्रकरण, श्रीमंतांच्या धर्मादाय संस्थांवरील प्रकरण आणि खाजगी चालकांच्या हाती दिलेल्या सनदी शाळांवरील विवेचन हेही वाचनीय आहे, पण त्यात आम्ही फार वेळ घालवीत नाही. सॅन डिएगोत कारभार एका माजी सरकारी वकिलाकडे गेला आणि वरून आलेला हुकूम खाली पोचविणे म्हणजेच सुधारणा अशी समजूत झाली. गेट्स ह्यांच्या संस्थेने मोठ्या शाळा फोडून लहान करण्यावर सुमारे दोन अब्ज डॉलर खर्चिले आणि २००८ मध्ये अपेक्षित फळ न दिसल्याने तो नाद सोडला. ज्या शाळा फोडल्या त्या फोडल्याच राहिल्या. सनदी शाळांविषयी स्टॅनफर्ड येथील अभ्यासकांनी २००९ साली जो अहवाल काढला त्यात शेकडा १७ शाळा शेजारच्या सार्वजनिक शाळांहून सरस, ३७ निकृष्ट, बाकीच्या सारख्याच, असा हिशेब निघाला. वास्तविक ही कल्पना १९८८ साली शिक्षकसंघटनेचे पुढारी अल्बर्ट शँकर ह्यांनीच उचलून धरली होती, आणि ती व्यापाऱ्यांच्या हाती जाताना दिसताच त्यांनीच तिच्याकडे पाठ फिरविली. लेखिकेने ही कथा फार चांगली सांगितली आहे.

गुण पुष्कळ, आता दोष. ग्रंथाच्या भरात एक गोष्ट झाकली गेली आहे आणि ती उघडी करणे आम्हांस कर्तव्य वाटते. ह्या कायद्याच्या आधी अमेरिकेतील कित्येक नामांकित शाळांतून गरीब, काळी, अपंग किंवा परदेशातून आलेली मुले वर्षानुवर्षे न शिकता वर ढकलली जात होती, आणि शाळेच्या एकंदर सरासरीत ती दिसत नसत. निकाल गटवार छापण्याची सक्ती झाली तेव्हा ती प्रथमच दिसली. २०१५ मध्ये हा कायदा रद्द करून नवा होत असताना, नागरी हक्कांसाठी झगडणाऱ्या अनेक संघटनांनीच वार्षिक परीक्षा काढू नका असा आग्रह धरला, हे विसरून चालणार नाही. त्यांचे म्हणणे साधे होते: आमच्या मुलांविषयी शिक्षकांचे मत काय असते ते आम्हांस पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे, निदान आकडा तरी आमचा साक्षीदार असू द्या. ह्या म्हणण्याला उत्तर देणे सोपे नाही. ज्याच्या घरी पुस्तके आहेत, ज्याची आई शाळेत जाऊन मुख्याध्यापकांशी बरोबरीने बोलू शकते, त्याला परीक्षेवाचून चालेल. ज्याचा बाप अंगठा करतो त्याच्या हाती शाळेला जाब विचारण्यास दुसरे काय आहे? आपल्याकडे परीक्षांविरुद्ध जे उदात्त लेख लिहिले जातात ते बहुधा सर्व परीक्षा उत्तम रीतीने पास झालेल्यांनी लिहिलेले असतात. रॅव्हिचबाईंनी ह्या साक्षीदाराची उलटतपासणी कसून घेतली आहे. तो मुळात कोणी आणि का उभा केला, ह्याला मात्र पुरेशी जागा दिलेली नाही. चौथ्या आणि आठव्या इयत्तेच्या गणितात राष्ट्रीय चाचणीतही काही सुधारणा दिसली होती. तिचा विचार करताना ती कायद्यापूर्वीच अधिक वेगाने होत होती एवढे म्हणून त्या पुढे सरकतात. हे खरे असले तरी वकिली थाटाचे आहे.

उपायाच्या भागातही ग्रंथ तोकडा पडतो. सर्व शाळांतून उत्तम अभ्यासक्रम असावा, त्यात साहित्य, इतिहास, कला ह्यांना मानाचे स्थान असावे, शिक्षक व्यासंगी असावेत, हे कोणास नको आहे? पण अभ्यासक्रम ठरवावयाचा कोणी, ह्या प्रश्नावर तो देश ह्यापूर्वीच एकदा फाटला आहे. १९९४ साली इतिहासाचा सर्वमान्य अभ्यासक्रम आखण्याचा प्रयत्न राजकीय कलहात बुडाला ही गोष्ट लेखिका स्वतःच प्रारंभी सांगते. तोच तारू पुन्हा पाण्यात लोटताना तो ह्या खेपेस का बुडणार नाही हे ती सांगत नाही.

आणि तरीही एका प्रकरणासाठी आम्ही हा ग्रंथ पुनःपुन्हा उघडू. ह्यूस्टनच्या शाळेत लेखिकेला रूबी रॅटलिफ नावाच्या बाई इंग्रजी शिकवीत. शेक्सपिअर, मिल्टन, कीट्स ही कविमंडळी त्यांच्या वर्गात राबता ठेवून असत. निबंधात व्याकरणाची चूक दिसली की लाल पेन्सिलीला दयामाया नसे. शाळा सोडण्याच्या वेळी त्या आपल्या विद्यार्थ्यांना भेट म्हणून कवितेच्या एकदोन ओळी निवडून देत, त्या त्या मुलाला शोभतील अशा. लेखिका विचारते की आजच्या पद्धतीत ह्या बाईंची किंमत काय ठरली असती? त्यांच्या वर्गातील मुलांच्या चार पर्यायांवरील खुणा किती टक्के वाढल्या ह्यावर त्यांचा पगार, त्यांची बढती, त्यांची बडतर्फी ठरली असती. हा प्रश्न काल्पनिक राहिला नाही. २०१० च्या ऑगस्टमध्ये लॉस एंजेलिसमधील एका मोठ्या वर्तमानपत्राने तेथील सुमारे सहा हजार प्राथमिक शिक्षकांची अशी किंमत काढून, नावानिशी, छापून टाकली. ओबामा साहेबांच्या सरकारने तर ४.३५ अब्ज डॉलरची थैली पुढे ठेवून, ज्या संस्थानाला ती हवी असेल त्याने शिक्षकाची पारख मुलांच्या गुणांवरून करावी असा मोह घातला होता. पक्ष बदलला, अध्यक्ष बदलला, छडी तीच राहिली.

ह्या प्रकरणात लेखिका इतिहासकार राहत नाही, शिष्या होते, आणि तिची भाषा एरवी जी आकड्यांच्या भाराने वाकलेली असते ती येथे सरळ उभी राहते. हे भावनेचे लेखन आहे असे तिच्या प्रतिपक्ष्यांनी म्हटले तर म्हणोत. प्रत्येकाच्या आयुष्यात एखादे मास्तर किंवा एखाद्या बाई अशा येऊन गेलेल्या असतात, आणि त्यांनी जे दिले ते कोणत्या इयत्तेच्या कोणत्या प्रश्नपत्रिकेत विचारले होते हे कोणी सांगू शकणार नाही.

१० डिसेंबर २०१५ रोजी नव्या कायद्यावर सही झाली. तिसरी ते आठवीच्या वार्षिक परीक्षा राहिल्या. शिक्षेचा अधिकार मात्र मध्यवर्ती सरकारकडून संस्थानांकडे गेला. २०२० च्या वसंतात महामारीमुळे त्या परीक्षा माफ झाल्या आणि आकाश कोसळले नाही. दोन वर्षांनी मुलांचे किती नुकसान झाले हे जेव्हा मोजावयाचे होते तेव्हा देशाला आधार सापडला तो १९६९ पासून चालत आलेल्या त्याच जुन्या राष्ट्रीय नमुनाचाचणीचा, जिच्यात थोडीच मुले निवडून घेतात, ज्या मुलाला स्वतःचे गुण कधी कळत नाहीत आणि ज्या शिक्षकाचे काही बिघडत नाही. गणितात त्या चाचणीच्या इतिहासातील सर्वांत मोठी घसरण २०२२ मध्ये तिने नोंदली, आणि त्या नोंदीवर पुसापुशीचा आरोप कोणी केला नाही.

ग्रंथ मोठा आहे आणि मधली काही प्रकरणे अमेरिकन शहरांच्या अंतर्गत भानगडींनी भरलेली असल्यामुळे आपल्या वाचकास कंटाळवाणी होतील. ज्यांना सवड थोडी त्यांनी न्यूयॉर्कवरील आणि रॅटलिफ बाईंवरील अशी दोन प्रकरणे तरी वाचावी. ह्या दोहोंचे सरळ मराठीत भाषांतर कोणी केले तर शिक्षकांच्या प्रशिक्षणवर्गातून ते वाचावयास देण्यासारखे होईल.